टाकीला वळसा घालून

९ जानेवारी, मंगळवार

मतदारसंघ मोडणार. भोंगा सकाळीच ओरडत जिना चढला, तेव्हा कळलं. खालच्या सगळ्या मजल्यांनाही कळलं. भोंगा म्हणजे आईच्या प्रत्येक निवडणुकीत गाडीवर माईक धरून बसलेला माणूस. निवडणुका संपल्या, आवाज तसाच राहिला.

“बाईंच्या मतदारसंघाचे तीन तुकडे! तीन! आणि नाव एकालाही आपलं नाही!”

मी म्हटलं, चहा घेणार का?

“तुला काहीच कसं वाटत नाही गं?”

खरंच नाही वाटलं. आई पलंगावर बसून भिंतीकडे बघत होती. तिलाही वाटलं नसेल. किंवा वाटलं असेल, पण सांगणार कसं? गेल्या वर्षी झटका आला तेव्हा उजवा हात आणि वाचा, दोन्ही एकदम गेली.

दुपारी दुकानात. चष्म्याच्या काचा घासल्या. मशीनच्या आवाजात बरं असतं, कुणी काही विचारत नाही.

१० जानेवारी

वाचा गेली असं कालच लिहिलंय, ते पूर्ण खरं नाही. एक गोष्ट राहिली आहे. रोज सकाळी मावशी तिचं तोंड पुसतात – मावशी म्हणजे दिवसभर आईला सांभाळणाऱ्या – आणि रुमाल बाजूला झाला की ती सुरू करते:

“उत्तरेला नाला. नाल्याच्या काठाकाठाने रेल्वे फाटकापर्यंत. फाटकापासून रुळांच्या कडेने गोदामाच्या भिंतीपर्यंत. तिथून मोठ्या रस्त्याच्या मधोमध जुन्या पुलापर्यंत. पुलाखालून पाण्याच्या टाकीपर्यंत. टाकीला वळसा घालून, शाळेच्या कुंपणाने, पुन्हा नाल्यापर्यंत.”

मतदारसंघाची हद्द! एक शब्द इकडचा तिकडे नाही. मग गप्प. पाणी मागता येत नाही. दुखतंय म्हणता येत नाही. मला हाक मारता येत नाही. हद्द मात्र पाठ.

वाचाबाई म्हणाल्या (आईला पुन्हा बोलायला शिकवायला येतात त्या, मी मनात त्यांना वाचाबाईच म्हणते), हे बोलणं नव्हे हो. पाढे म्हणावेत ना, तसं आहे हे. रोज म्हणून म्हणून मेंदूत वेगळ्या खणात जाऊन बसलेलं. तो खण वाचला.

मी कुठल्या खणात होते, ते यावरून कळलं.

१३ जानेवारी, शनिवार

दातवाला आला होता. आमच्या घरी!!

आईला पाडून निवडून आलेला, हल्लीचा आमदार. मूळचा दातांचा डॉक्टर. त्या निवडणुकीत भर सभेत म्हणाला होता, “हलायला लागलेला दात काढलेलाच बरा.” आई तेव्हा घरी येऊन आरशासमोर दात बघत उभी राहिली होती. आणि आज हाच माणूस दारात उभा राहून “येऊ का आत?” विचारतो.

त्याला हरकत घ्यायची आहे. दोन फेब्रुवारीला सुनावणी, शाळेच्या सभागृहात. मतदारसंघाचा इतिहास लिहून हवा आहे – हा भाग एक आहे, एकत्र वाढला, एकत्र राहू द्या, वगैरे.

“कात्रणं तुमच्याकडेच असणार. आणि तुम्ही लिहाल चांगलं.”

“कुणी सांगितलं?”

“माझ्या चष्म्याचा नंबर तुम्हीच लिहून दिला होतात. एवढं सुवाच्य अक्षर डॉक्टरी पेशात मी पाहिलेलं नाही.”

हसायला हवं होतं. हसले बहुतेक.

तेवढ्यात आईने सुरू केलं. भर दुपारी, कधी नव्हे ते. त्याच्याकडे बघत – उत्तरेला नाला. तो अर्धवट उठला होता, तसाच वाकून थांबला, पुन्हा नाल्यापर्यंत पोचेपर्यंत. मग म्हणाला, “तशाच म्हणतात अजून,” आणि गेला. चहा तसाच.

लिहून देते म्हटलं. नाही म्हणायचं तर कारण शोधावं लागलं असतं, आणि तेवढं त्राण नव्हतं.

१७ जानेवारी, बुधवार

रजा टाकली. कात्रणांचा खोका काढला. आधी शिंका, मग इतिहास.

आम्ही राहतो तिथे पाणथळ होती. भराव टाकला. भरावावर गोदामं आली, गोदामांमागून हमाल, हमालांमागून त्यांची बायकापोरं, आणि सगळ्यात शेवटी नळ. माणसं इतकी झाली की यांना कुणी प्रतिनिधी द्यावा हे वरच्यांच्या लक्षात आलं. मग कुणीतरी टेबलावर नकाशा पसरून रेघ मारली. नाला त्याने प्रत्यक्ष पाहिला नसणार. पाहिला असता तर वासानेच रेघ लांबून नेली असती.

पहिला आमदार कंपाउंडर. अख्ख्या भागाने त्याच्या हातचं औषध प्यायलेलं, म्हणून निवडून आला. विधानसभेत बोलला ते फक्त गटारांवर. तिथे त्याला ‘गटारे’ म्हणायचे, आडनावच असल्यासारखं. पुढच्या वेळी पडला. गटारं झाली मात्र.

दुसरा ठेकेदार. निवडून आला एका पक्षातून, बसला दुसऱ्यात, मुदत संपेपर्यंत तिसऱ्यात पोचला. फाटकावरचा जिना त्याचा. प्रत्येक पायरीची उंची वेगळी. अजून रोज कुणीतरी ठेचकाळतं आणि त्याचं नाव घेतं. याला म्हणतात नाव ठेवून जाणं!

तिसरी आई. शाळेत शिवण शिकवायची. लागोपाठ तीनदा निवडून आली. प्रसूतिगृह, ग्रंथालय, संध्याकाळचं पाणी.

चौथा दातवाला. गोदामं पडून तिथे उंच इमारती झाल्या, त्यात नवी माणसं आली. रेघ तीच राहिली, आतली माणसं बदलली. आई सभेत हद्द म्हणायला लागली की जुने लोक तिच्याबरोबर म्हणायचे, नवे फोन बघत बसायचे. त्यांची तरी काय चूक? त्यांनाही ओळखीचं कुणीतरी हवं होतं, आणि त्यांचे दात हा बघत होता.

आता माणसं रेघेत मावेनात म्हणून रेघच पुसणार. आमची इमारत नाल्यापलीकडच्यांना जाणार. पलीकडे आईने आयुष्यात मत मागितलं नाही.

(सरकारी टिप्पणीत हे असं चालणार नाही. वास काढायचा, जिना काढायचा, दात काढायचे. उरेल ते द्यायचं.)

१८ जानेवारी

मावशी विचारत होत्या, “ताई, हा मतदारसंघ गेला तर बाईंची पेन्शन जाते का?”

नाही जात.

“मग कशाला जीव टांगणीला लावायचा!”

माझा जीव टांगणीला लागलेला नाही, हे त्यांना कसं सांगू.

२१ जानेवारी, रविवार

हद्दीचा किस्सा भोंग्याने पुन्हा ऐकवला. मी तेव्हा लहान होते, पण ऐकून ऐकून पाहिल्यासारखा झालाय.

आईची पहिली निवडणूक. ठेकेदाराने भर चौकात तिला विचारलं, “बाई, शिवणाची सुई सोडून आलात, पण मतदारसंघ कुठून कुठपर्यंत ते तरी ठाऊक आहे का?” लोक फिदीफिदी हसले. आईने पदर खोचला आणि राजपत्रात छापलेली हद्द न थांबता म्हणून दाखवली. मग म्हणाली, “ही मी पायी चालून आलेय. साहेबांनी आता फक्त नाला कुठल्या दिशेला आहे ते सांगावं.” ठेकेदाराने हात केला तो दक्षिणेला!

त्यानंतर हद्द म्हटल्याशिवाय तिची एक सभा सुरू झाली नाही.

भोंगा डोळे पुसत हसत होता. मी ऐकत होते. मला त्या दिवसांतलं दुसरंच आठवतं. रात्री आई टाकीच्या थांब्यावर उतरायची. बाजारातून, लाँड्रीच्या गल्लीतून, जिना चढून यायची. लोक वाटेत अडवायचे, त्यामुळे कधी येईल याचा नेम नसे. बाबा गेल्यावर घरात मी एकटीच. बेल ती कधी वाजवायची नाही. दाराला तोंड लावून म्हणायची, “ठमे, दार उघड.” मी जागीच असायचे. पाऊल ओळखायचे लाँड्रीपासून. तरी मुद्दाम उशीर लावायचे – बस उभी तूही थोडा वेळ.

ठमी फक्त तीच म्हणायची. बाकी कुणी नाही.

२४ जानेवारी

भोंग्याचं डोकं फिरलंय. आईला सुनावणीला न्यायचं म्हणतो! चाकाच्या खुर्चीत बसवून, माईकसमोर.

“बाईंनी हद्द म्हटली ना, की त्या साहेब लोकांच्या डोळ्यांत पाणी नाही आलं तर नाव बदलीन!”

“तुमचं खरं नाव कुणाला माहीत आहे?”

“थट्टा नको. एवढं एकच राहिलंय बाईंकडे. ते त्यांच्या लोकांसाठी आहे.”

“ते वाजवून दाखवायला ती काही तुमची टेप नाही.”

नाही म्हणजे नाही, असं सांगितलं. आवाज चढवला नाही, तसा चढतही नाही हल्ली. तो पाय आपटत गेला. जिन्यात ओरडला, “आईवर गेली नाहीस तू!”

बरोबर आहे.

२७ जानेवारी, शनिवार

वाचाबाईंनी एक युक्ती सांगितली. हद्द म्हणताना आपणही बरोबर म्हणायचं, आणि लय न मोडता मधे एखादा नवा शब्द सरकवायचा. कधीकधी माणूस लयीच्या भरात तो शब्दही घेतो, म्हणाल्या. एकदा घेतला की दार किलकिलं होतं.

केलं. नाला, फाटक, भिंत, रस्ता, पूल – दोघी बरोबर. टाकीपाशी मी माझ्या छातीवर हात ठेवून म्हटलं, “ठमी.” आई थांबली. बघितलं माझ्याकडे. नीट बघितलं. मग म्हणाली, “टाकीला वळसा घालून.”

पुन्हा केलं. पुन्हा तेच. मला वळसा घालून नाल्यावर गेली.

लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. मला मतदारसंघ राहिला काय, गेला काय. मला एक हाक हवी आहे. शाळेतल्या पोरीला हवी असते तशी. चाळिशी उलटली, केस पिकले, दुसऱ्यांचे चष्मे करते, आणि हे मागते. लाज वाटायला हवी. तीही वाटत नाही.

३० जानेवारी

टिप्पणी दिली. दातवाल्याने तिथेच वाचली. “यात बाईंबद्दल दोनच ओळी?”

“तुमच्याबद्दलही दोनच आहेत.”

“मला पुरतात.” थांबला. “मी त्या दाताचं जे बोललो होतो ना… तेव्हा टाळ्या फार पडल्या होत्या.”

माफी मागत होता की आठवण सांगत होता, कळलं नाही.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

सुनावणी.

सभागृहात लहान मुलांची बाकं. मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. टेबलामागे तीन अधिकारी, भिंतीवर नकाशा. आमचा भाग तीन रंगांत. मी माझी टिप्पणी वाचली. मधला अधिकारी म्हणाला, “थोडक्यात.” थोडक्यात केली. त्याच्या चष्म्याची एक काडी वाकडी होती. वाचताना माझं लक्ष सारखं तिकडेच.

खाली बसले, आणि मागचं दार उघडलं. भोंगा. चाकाची खुर्ची. खुर्चीत आई, चांगली साडी नेसलेली, केस विंचरलेले. मागे मावशी. माझा चेहरा बघून तिथेच रडवेल्या झाल्या – “ताई, हे म्हणाले तुम्हीच बोलावलंय!”

मी उठेपर्यंत त्याने माईक तिच्या तोंडाशी धरलासुद्धा. “बाई – उत्तरेला…”

“नाला,” आई म्हणाली.

मी उभीच. काढून घ्यायला हवा होता माईक. नाही घेतला.

छान म्हणाली. आवाज पूर्वीसारखा. फाटक, भिंत, रस्ता, पूल. पुलाखालून पाण्याच्या टाकीपर्यंत. टाकी. टाकी. पुढे जाईना. मान वळवून माणसांत काहीतरी शोधायला लागली. टाकी. माईक कुईकुई वाजला. ती दचकली. टाकी, टाकी, टाकी. एक-दोघांनी फोन वर धरले होते, ते खाली घेतले. अधिकारी कागद बघायला लागले. भोंग्याचा चेहरा पांढरा पडला. त्याला इतका गप्प मी कधी पाहिला नव्हता.

मग पुढच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “टाकीला वळसा घालून –”

दातवाला. उभा राहिला होता. “– शाळेच्या कुंपणाने, पुन्हा नाल्यापर्यंत.” त्याला पाठ! हरवायला निघालेला माणूस, किती सभांच्या कोपऱ्यात उभा राहून ऐकली असेल. मागचे म्हातारे लोक त्याच्या मागोमाग म्हणाले. सगळ्यांनी म्हटलं.

आईने नाही म्हटलं. मीही नाही.

मधला अधिकारी म्हणाला, “नोंद घेतली आहे.”

गाडीत मला काही वाटत नव्हतं. घरी कुलपात किल्ली जाईना. शेवटी मावशींनी उघडलं.

३ फेब्रुवारी

आज सकाळी हद्द नाही.

५ फेब्रुवारी

आजही नाही. मी “उत्तरेला” म्हणून बघते. भिंतीकडे बघते ती.

८ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणतात नवा झटका दिसत नाही. वाचाबाई म्हणतात, दमल्या असतील, घाबरल्या असतील. येईल परत? “सांगता येत नाही हो.”

भोंगा येऊन जिन्यात बसतो. वर येत नाही. मावशी त्याला तिथेच चहा देतात. मी त्याला ओलांडून जाते, ओलांडून येते. आज म्हणाला, “शिवी तरी दे.” शिवीसुद्धा आली नाही. एवढा हळू बोलला की खालच्या मजल्यावर कुणाला ऐकू गेलं नसेल.

महिन्यापूर्वी मला त्या हद्दीचा वीट आला होता. रोज सकाळी नाला, रोज सकाळी फाटक. आता सकाळी मावशी रुमाल बाजूला घेतात आणि आम्ही दोघी उभ्या राहतो. काही होत नाही. मग मावशी रुमाल धुवायला जातात.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

निकाल आला. तीन तुकडे कायम. दातवाल्याचा फोन होता. “प्रयत्न केला आपण.” मी म्हटलं, हो. त्याने विचारलं, बाईंना सांगितलंत? मी म्हटलं, सांगते.

जेवण भरवताना सांगितलं. “आई, मतदारसंघ गेला.” तिने घास चावला. गिळला. पुढच्या घासाला तोंड उघडलं.

त्यानंतर मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. मतदारसंघासाठी नक्कीच नाही. कशासाठी ते माहीत नाही. बऱ्याच दिवसांनी आलं, एवढं खरं.

१६ फेब्रुवारी

भोंग्याला वर बोलावलं. पलंगाशी बसला. आईने डाव्या हाताने त्याच्या डोक्यावर टपली मारली. बोलली काही नाही. तो ढसाढसा रडला – ते मात्र खालच्या सगळ्या मजल्यांना कळलं.

१९ फेब्रुवारी

दुकानात गर्दी. आई गप्प. बाकी काही नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

आज मावशी अजून यायच्या होत्या. मीच तोंड पुसलं. रुमाल खाली ठेवला आणि आई म्हणाली, “उत्तरेला नाला.”

मी हललेसुद्धा नाही. फाटक. भिंत. रस्त्याच्या मधोमध. जुना पूल. पुलाखालून पाण्याच्या टाकीपर्यंत. थांबली. तिने वळसा घातला नाही.

“टाकीपासून बाजार,” म्हणाली. “बाजारातून लाँड्रीची गल्ली. गल्लीतून जिना.”

डावा हात हवेत, बोटं मिटलेली.

“ठमे, दार उघड.”

दार उघडंच होतं. तरी उठले, लावलं, आणि लगेच उघडलं.